कंठमणी

"आत्ता चहा घेतलात का?" नर्सनं विचारलं आणि चाखणीच्या खोलीतले सगळे खो खो हसले.

हसण्यासारखाच प्रश्न होता. चहाच्या पेढीत, पांढऱ्या पेल्यांच्या लांबलचक रांगेपुढून नुकत्याच उठलेल्या माणसाला, ज्याच्या मिशीवर अजून मघाच्या घोटाचा ओलावा आहे अशा माणसाला, असं कुणी विचारतं का? मास्तर मात्र हसले नाहीत. पेढीतल्या तपासणीत बीपी मोजायला दंडाला बांधलेला पट्टा सुटताच त्यांनी खुर्चीत पाठ ताठ केली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, मी चहा पीत नाही. चाखतो आणि थुंकतो. या खोलीत पाऊल ठेवल्यापासून एक घोट माझ्या घशाखाली गेलेला नाही. विचारा कुणालाही." आणि 'कुणालाही' म्हणताना त्यांनी हात केला तो धाकट्याकडे. धाकटा हा काही वयानं धाकटा नव्हता, कानावरचे केस त्याचेही पांढरे झाले होते. पण पेढीचे मुख्य चाखणारे मास्तर आणि त्यांच्या खालोखाल हा, म्हणून रुजू झाला त्या दिवसापासून तो धाकटा, आणि मास्तर असेपर्यंत धाकटाच राहणार होता. त्या क्षणी त्याच्या तोंडात घोट होता. जिभेवरून, टाळ्यावरून, गालांतून फिरवून झालेला, आता फक्त थुंकायचा राहिलेला. चाकांची उंच पिकदाणी गुडघ्याशीच होती. वाकून थुंकायचं आणि म्हणायचं, 'बाई, जरा अर्ध्या तासानं मोजा.' एवढंच. का, ते सांगायचीही गरज नव्हती. नर्स थांबली होती, तिचं पेन थांबलं होतं. "चहा घेतला असता तर गोष्ट वेगळी," ती म्हणाली, "थोडा वेळ आकडा चढतोच, मग बसवून ठेवतो आम्ही आणि परत मोजतो. पण तुम्ही घेतच नाही म्हणता..." धाकट्यानं गाल फुगलेले ठेवून मान हलवली. हो, मास्तर म्हणतात ते खरं आहे. "मग हे बीपी काही बरं नाही हो," नर्स म्हणाली आणि तिनं लिहून टाकलं. त्यानंतर तो पिकदाणीकडे वाकला तर तोंडात काहीच नव्हतं. घोट गेला होता. कधी गेला ते त्याला कळलंही नाही. घशातून छातीपर्यंत एक कोमट रेघ उतरत गेली, आणि त्याला उगाचच वाटलं की ती रेघ शर्टावरून दिसत असेल.

संध्याकाळी तो पायी घरी निघाला. औषधांच्या दुकानांपुढून, शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीपुढून, सिग्नलशी हॉर्न वाजवत अडकलेल्या गाड्यांमधून तो चालत होता आणि मनाशी वाद घालत होता. खोटं कुठं बोललो मी? मान हलवली. मान काय, माणूस माशी हाकलायलाही हलवतो. शिवाय सांगायचं ते काय? पेढीच्या इतक्या माणसांपुढं सांगायचं की मास्तर गिळतात? त्यापेक्षा मास्तरांच्या थोबाडीत दिलेली त्यांना चालली असती. बाहेरच्या माणसाला यातलं कळायचं नाही. त्याला वाटेल, चहा आहे, गिळला तर गिळला. पण या धंद्यात गिळणारा माणूस म्हणजे तिजोरीची किल्ली असलेला चोर. चहा पोटात गेला की जीभ लाडावते, मग तिला सगळंच बरं लागायला लागतं, असं मास्तरच सांगायचे. सांगायचे म्हणजे डोक्यात खिळे ठोकायचे. नव्यानं लागलेल्या माणसाला ते प्रत्येक घोटानंतर तोंड उघडायला लावत, आणि पाणी ओतणाऱ्या बाईंना म्हणत, "बघा हो बाई, थुंकलंय का गिळलंय?" त्या बिचाऱ्या लाजेनं मान फिरवायच्या, तर ओरडत, "बघा म्हणतो ना!" धाकट्यानंही तसं तोंड उघडलेलं होतं, चांगला बाप झालेला माणूस असून, आणि बाईंनी खरोखरच त्याच्या दाढांपर्यंत वाकून बघितलं होतं. त्यांच्या श्वासाला कसल्याशा खोकल्याच्या औषधाचा वास होता. तो वास त्याला अजून आठवतो, आणि आठवला की आजही कानाच्या पाळ्या तापतात. त्याच्याबरोबर लागलेला एक उंच, हसरा माणूस होता, सगळे त्याला लंबू म्हणत. लंबू एकदा सापडला. गार हवा होती, माल चांगला होता, गिळला त्यानं. मास्तरांनी त्याला रागे भरलं नाही. त्याला खुर्ची दिली, त्याच्यापुढं त्या सकाळची सगळी रांग सरकवली आणि म्हणाले, "आवडतो ना? पी." लंबूनं आधी हसून घेतला. मग हसणं गेलं.  सगळी खोली कामाचं सोंग करत बघत होती. शेवटी तो पिकदाणीवर ओणवा होऊन भडाभडा ओकला, आणि मास्तर रुमालानं चष्मा पुसत म्हणाले, "आता घरी जा." लंबूसाठी कुणी बोललं नाही. धाकटाही बोलला नाही. तेव्हा तो नवीन होता, त्यामुळं त्याला ते माफ होतं, असं त्यानं कधीच ठरवून टाकलं होतं.

आणि हेच मास्तर गिळत होते. कधीपासून, ते सांगता येत नाही. पण धाकट्याच्या ध्यानात आलं ते एका अगदी साध्या सकाळी. उत्तरेच्या खिडकीतून पडणाऱ्या उजेडात मास्तर रांगेतून सरकत होते, चमचा बुडव, सुर्रकन ओढ, थुंक, पुढं. पाणीवाल्या बाई मागून पेले उचलत होत्या. आणि एका पेल्याशी मास्तरांचा कंठमणी वर चढला आणि सावकाश खाली आला. मास्तर पिकदाणीकडे वाकले, थुंकल्याचा आवाजही काढला त्यांनी, पण पडलं काही नाही. धाकट्याला इतका आनंद झाला, की त्याला टेबल धरावं लागलं. सापडला! पण मग तो थांबला, कारण मास्तरांनी पुढच्याच क्षणी त्या पेल्याला सगळ्या रांगेत वरचा भाव सांगितला होता. दुसऱ्या दिवशी तो जपून बघत राहिला. कंठमणी हलला तो माल चांगला. एकदा हलला तर चांगला, दोनदा हलला तर उत्तम, नुसता थरथरला तर मध्यम. म्हातारं तोंड खोटं बोलत होतं, गळा खरं सांगत होता. आता सांगायची लाज वाटेल अशी गोष्ट म्हणजे धाकट्याला स्वतःची जीभ नव्हती. होती, पण चारचौघांसारखी. कडू, गोड, तुरट, जळकं, त्यापलीकडे तिला काही कळत नसे, आणि इतकी वर्षं त्यानं ते मोठ्या शिताफीनं झाकलं होतं. त्या सकाळपासून झाकायची गरजच उरली नाही. मास्तरांच्या मागोमाग दोन पेल्यांचं अंतर ठेवून चालायचं, डोळे त्यांच्या कॉलरवर ठेवायचे आणि आपला भाव मास्तरांच्या भावाहून केसभर इकडं किंवा तिकडं सांगायचा. मालक म्हणायला लागले, "धाकट्यांची जीभ तयार झाली हो!" मास्तर म्हणायचे, "माझ्या हाताखाली गाढवही तयार होतं." सगळे हसायचे. धाकटाही हसायचा, आणि हसताना त्यांच्या गळ्याकडे बघायचा.

"काय झालंय तुम्हाला?" बायकोनं जेवताना विचारलं. "मास्तरांचं बीपी वाढलंय," तो म्हणाला. "अरे देवा! मग आता?" "आता काय, बघू." ती वाढता वाढता थांबली. "त्यांनी सोडलं तर तुमचाच नंबर ना?" त्यानं पानातून वर बघितलं नाही. काय पण बोलतेस, असं तो म्हणाला खरा, पण ते इतक्या हळू आवाजात की तिला ते ऐकू जायलाच नको होतं.

पेढीचा नियम असा, की आकडा जास्त निघाला तर नर्स आणखी दोन वेळा येऊन मोजणार आणि मग डॉक्टर काय तो निकाल देणार. म्हणजे अजून काही बिघडलं नव्हतं. धाकटा स्वतःला तेच सांगत होता. दुसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी मास्तर त्याच्या टेबलाशी आले. कधी येत नसत. हाक मारायचे आणि त्यानं जायचं, अशी रीत होती. आज आले, पेन उचललं, ठेवलं, खिडकीबाहेर बघितलं. "अरे," ते म्हणाले, "ती बाई उद्या परत येणार आहे. काम सुरू व्हायच्या आधी मोजू म्हणतेय. तुला काय वाटतं? आधी की नंतर?" मास्तर त्याला विचारत होते! त्याला, जो त्यांच्या लेखी गाढवाच्या जरासाच वर होता! त्यांच्या पापण्या सुजल्या होत्या, झोप नसणार. दाढी करताना हनुवटीखाली कापलं होतं आणि तिथं कापसाचा बारीक तुकडा चिकटून राहिला होता. तो कापूस बघून धाकट्याला क्षणभर भरून आलं, अगदी खरं भरून आलं. आणि त्या भरून येण्यातूनच त्याचा आवाज निघाला, मऊ, काळजीचा, मुलानं बापाशी बोलावा तसा. "नंतरच बरं, मास्तर. काम झालं की तुमचं मन हलकं असतं. सकाळी सकाळी धसका घेऊन बसाल तर आकडा उगाच वर जाईल." मास्तरांनी मान डोलावली. "तेच म्हणतो मी." जाता जाता त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मघाचा भरून आलेला उमाळा अजून गेला नव्हता, हे विशेष. धाकट्याला नंतर कितीतरी दिवस याचंच नवल वाटत राहिलं, की माणसाला एकाच वेळी कळवळाही येतो आणि गळा कापायलाही हात थरथरत नाही. गप्प बसणं निराळं होतं. आता तो बोलला होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर घाबरलेले होते, आणि घाबरलेला माणूस आपल्या गोडीच्या वस्तूला घट्ट धरतो. ते प्रत्येक पेल्याशी गिळत होते. चांगला, वाईट, जळका, काही बघत नव्हते. गळा नुसता वरखाली, वरखाली. धाकटा दोन पेले मागून चालत होता आणि त्याला भाव सुचेनात, कारण आज सगळ्याच मालाला उत्तमची खूण होती. नर्सनं पट्टा आवळला, पाऱ्याकडे बघितलं, आणि यावेळी काही विचारलं नाही. तिच्याकडे 'चहा घेत नाहीत' असं लिहिलेलंच होतं. तिसऱ्या खेपेलाही तेच झालं. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते, घाईत होते. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मालकांना सांगितलं, की चहा तोंडातून थुंकला तरी थोडा आत जातोच, तेव्हा या गृहस्थांनी आता चहाच्या आसपासही राहू नये, नाहीतर एखाद्या दिवशी मेंदूत रक्त उतरेल. मालकांना मास्तरांचा पगार डोईजड झालेलाच होता. त्यांनी डोळ्यांत पाणी आणून निरोपाचं भाषण केलं. मास्तरांनी उत्तरादाखल एवढंच सांगितलं, की आपण या पेढीत एक घोटही गिळला नाही, त्याला हा धाकटा साक्षी आहे. टाळ्या पडल्या. धाकट्यानं पुन्हा मान हलवली.

खिडकीसमोरची खुर्ची त्याची झाली. पहिल्या सकाळी त्यानं चमचा बुडवला, सुर्रकन ओढलं, फिरवलं, थुंकलं, आणि पुढं बघितलं. पुढं कुणी नव्हतं. कॉलर नव्हती, गळा नव्हता, खिडकीतला उजेड रिकाम्या भिंतीवर पडला होता. तोंडात तपकिरी रंगाचं कोमट पाणी होतं. मागं नवे चाखणारे वह्या घेऊन उभे होते, त्याच्या तोंडाकडे बघत. त्यानं भाव सांगितला. कुठून सांगितला, देव जाणे. पुढच्या पेल्यालाही तेच पाणी. घरी बायकोनं नवे पडदे आणले होते, ते कसे दिसतात असं ती विचारत होती, आणि तो जिभेचं टोक दातांवरून फिरवत बसला होता. दिवस जात राहिले आणि तो आंधळ्यानं ओळखीच्या घरात चालावं तसा जुन्या आठवणींवर भाव सांगत राहिला. या बागेचा माल मास्तरांना आवडायचा, त्या बागेच्या मालाला ते नाक मुरडायचे. पण बागेची यंदाची पानं गेल्या वर्षीची नसतात. एका मोठ्या गिऱ्हाइकानं सगळा माल परत पाठवला, वर निरोप धाडला, की तुमचे चाखणारे रजेवर आहेत काय? मालकांनी त्याला बोलावून खुर्ची दिली. "धाकटे," ते म्हणाले, "मास्तरांच्या वेळी असं कधी झालं नव्हतं हो." आवाज गोड होता. मोठा लिलाव तोंडावर आला होता, आणि त्यात चूक झाली तर ती शेवटची, हे काही त्यांनी बोलून दाखवलं नाही. धाकट्याला मात्र चक्क घाम फुटला. स्वतःच्या हातांनी आपण काय बंद करून टाकलं, ते त्याला तेव्हा नीट कळलं. पश्चात्ताप वगैरे काही नव्हे, आंघोळीला बसल्यावर नळाचं पाणी जावं तशी नुसती चिडचीड.

म्हणून त्या दुपारी त्यानं सकाळच्या रांगेतले नावाजलेले तेवढे माल निवडून वेगवेगळ्या छोट्या थर्मासांत भरले आणि मास्तरांचं घर गाठलं. मास्तरांच्या बायकोनं दार उघडलं. "या भाऊजी! बरं झालं आलात. कुणी फिरकत नाही आता इकडं." घर स्वच्छ होतं, फार स्वच्छ. जेवणाच्या टेबलावर प्रेशर मोजायचं यंत्र होतं आणि त्यावर तिनं स्वतः शिवलेलं झाकण घातलेलं होतं. मास्तर खिडकीशी बसून पेल्यातून गरम पाणी पीत होते. सदरा खांद्यांवरून ओघळत होता. "ये," ते म्हणाले, "बस. तब्येत एकदम झकास. चहा सुटला आणि बीपी कसं खाली आलं बघ. उठलं की चक्कर येते, भिंत धरावी लागते, पण ते गोळी लागू पडतेय म्हणून." बायको कौतुकानं म्हणाली, "चहाचा वाससुद्धा घेत नाहीत हो. मी शेजारी जाऊन पिऊन येते." ती पिशवी घेऊन भाजीला बाहेर पडली. दार लागल्याबरोबर धाकट्यानं पहिल्या थर्मासचं झाकण फिरवलं. वाफ वर आली, खोलीभर पसरली. मास्तरांच्या हातातला पेला थांबला. आणि तो कंठमणी, सुकलेल्या गळ्यात आता आणखी मोठा दिसणारा, नुसत्या वासानं वर चढला. धाकट्याचा जीव हरखला. आहे! अजून आहे!

"बंद कर ते," मास्तर म्हणाले.

"एक घोट, मास्तर. चाखा आणि थुंका."

"डोकं फिरलंय का तुझं? तोंडातूनही आत जातो म्हणालेत डॉक्टर. मला मारायला आलायस?"

"मोठा लिलाव आहे. तुमच्याशिवाय माझं चालत नाही. नुसतं तोंडाला लावा, बोलूही नका काही."

"नाही म्हणजे नाही!" मास्तरांनी खुर्ची मागं ओढली. ते खरोखर भ्यायले होते, थर्मासकडे साप बघावा तसे बघत होते. ज्या माणसानं लंबूला ओकेपर्यंत चहा पाजला, तो माणूस दोन बोटं वाफेला बिचकत होता. धाकट्याला त्यांची कीव आली नाही. त्याला फक्त राग आला, की या म्हाताऱ्याला एवढंही करता येऊ नये. आणि त्या रागाच्या भरात, आपण काय बोलतोय याचा विचार करायच्या आधी, तो बोलून गेला. "तुम्हाला काही झालेलं नाही, मास्तर. तुम्ही त्या दिवशी चहा गिळला होता. तिन्ही दिवशी. म्हणून आकडा चढला. अर्धा तास थांबून मोजलं असतं तर काही निघालं नसतं."

 खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती घरघरायची आणि बंद पडायची. "तू बघितलंस?" मास्तरांनी विचारलं.

"रोज बघत होतो."

"रोज." मास्तरांनी तो शब्द तसाच परत म्हटला. मग त्यांची नजर वर आली, आणि धाकट्याला दिसलं की ते एकेक दिवस मागं जातायत. नर्सचा प्रश्न, त्याची हललेली मान, टेबलाशी विचारलेलं आधी की नंतर, खांद्यावर ठेवलेला हात. सगळं त्यांना दिसलं. आता हे उठतील, धाकट्याला वाटलं, थोबाडीत मारतील, मालकांना फोन लावतील. आणि खरं सांगायचं तर त्याला जरा बरंच वाटलं असतं. मास्तर उठले. भिंतीला धरून दारापर्यंत गेले, ते उघडून जिन्यात डोकावले, बायको परत येत नाही ना ते बघितलं आणि कडी लावून आले. अगदी जवळ येऊन उभे राहिले.

"आणखी कुणी बघितलं?"

"नाही."

"पाणीवाल्या बाईंनी?"

"नाही, मास्तर."

"मालकांच्या कानावर?"

"नाही. पण मास्तर, उद्या चहा न घेता बीपी मोजा, डॉक्टरांना सांगा. तुम्ही परत येऊ शकता. मी बोलतो मालकांशी..."

"आणि काय बोलशील? मास्तर गिळायचे म्हणून?" त्यांनी त्याचं मनगट धरलं. हात गार होता आणि पकड मात्र लहान मुलाच्या हातासारखी घट्ट. "नाही. मी आजारी आहे. डॉक्टरांनी लिहून दिलंय, मी आजारी आहे. गोळ्या घेतो मी. जन्मभर घेईन. तू फक्त बोलू नकोस कुठं. आत्तापर्यंत नाही बोललास, तसाच राहा."

धाकट्यानं त्यांच्या गळ्याकडे बघितलं. तो आता हलत नव्हता. थर्मास उघडाच होता आणि चहा निवत चालला होता.

"नाही बोलणार," तो म्हणाला.

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी दोन्ही हातांत त्याचा हात घेतला आणि मान खाली घातली. "तुझे फार उपकार झाले रे," ते म्हणाले.

"त्यात काय, मास्तर," धाकटा म्हणाला, आणि त्यानं थर्मासचं झाकण घट्ट लावलं.